एकच रक्त, दोन आकडे

(बोईसर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न.)

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाचा माणूस थायरॉइडवर काय बोलणार? रास्त शंका आहे. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं, पण ज्याच्याकडे औषध मागू नये अशातला तो डॉक्टर. (हशा) तेव्हा गोळी घ्यावी की नाही, किती घ्यावी, हे मी सांगणार नाही. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. रिपोर्टवर एक आकडा छापलेला असतो. तो आकडा नेमका कशाचा असतो?

समजा, आपल्या बोईसरमधल्या एक बाई आहेत. वय तीस-बत्तीस, थकवा वाटतो, वजन वाढलंय. स्टेशनजवळच्या एका कलेक्शन सेंटरमध्ये त्या सकाळी रक्त देतात. टीएसएच येतं ३.६. शेजारी छापलेली मर्यादा ४.९४ पर्यंत, म्हणजे सगळं ठीक. पंधरा दिवसांनी कोणीतरी सांगतं म्हणून दुसऱ्या सेंटरमध्ये तपासतात. आता आकडा ५.०. मर्यादा ४.२ पर्यंत. आकड्यापुढे ठळक अक्षरात ‘हाय’. घरात चर्चा सुरू. नवरा म्हणतो पहिली लॅब भंपक, सासू म्हणते दुसरी लॅब पैसे काढते. आणि बाई मनात म्हणतात, पंधरा दिवसांत माझं बिघडलं तरी काय?

उदाहरण काल्पनिक आहे, पण हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. ब्रिटनमध्ये अलीकडे एक तुलना झाली. जगभर चालणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर तेच नमुने तपासले. एका यंत्राचं टीएसएच दुसऱ्यापेक्षा सरासरी ४० टक्के जास्त आलं. गंमत पुढेच आहे. जे यंत्र जास्त आकडा देतं, त्याच्या उत्पादकाने दिलेली वरची मर्यादा ४.२, आणि जे कमी आकडा देतं त्याची ४.९४! खरं तर उलट हवं होतं. म्हणजे आपल्या बाईंच्या शरीरात काहीही न बदलता त्या निरोगीच्या रांगेतून रुग्णाच्या रांगेत जाऊ शकतात. आणि एकदा त्या रांगेत गेलं की थायरॉइडची गोळी अनेकदा जन्मभराची होते. त्यात बाई गरोदर असतील तर निर्णय आणखी नाजूक. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच किती चालेल याबद्दल अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ साली २.५ सांगितलं होतं, २०१७ साली ते साधारण ४ वर आणलं, तेही स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तर, असं म्हणून. एवढ्या अरुंद पट्टीत ४० टक्क्यांचा फरक म्हणजे काय, तुम्हीच बघा.

तर आता प्रश्न: यातला खरा आकडा कोणता?

त्यासाठी आधी मोजतात कसं हे थोडं बघू. हार्मोन रक्तात अतिशय कमी असतं. स्त्रियांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन घ्या. एका मिलिलिटरमध्ये ते एका नॅनोग्रॅमपेक्षा, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी असतं. ते तराजूत टाकता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मग ते पकडतात. पकडायला अँटिबॉडी वापरतात, म्हणजे त्याच रेणूला चिकटणारं प्रथिन.

ही युक्ती शोधली रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात. यॅलोबाई भौतिकशास्त्रज्ञ, बर्सन डॉक्टर. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात असं त्यांना दिसलं. ही गोष्ट तेव्हा इतकी अविश्वसनीय वाटली की एका मोठ्या नियतकालिकाने त्यांचा लेख नाकारला होता. त्याच निरीक्षणातून १९५९-६० च्या सुमाराला मोजणीची पद्धत उभी राहिली. किरणोत्सारी आयोडीन लावलेलं हार्मोन आणि रुग्णाचं साधं हार्मोन यांना मोजक्याच अँटिबॉडींसाठी स्पर्धा करायला लावायची. रुग्णाचं जितकं जास्त, तितक्या जास्त जागा ते अडवणार, आणि किरणोत्सारी हार्मोन तितकं कमी चिकटणार. याला म्हणतात रेडिओइम्युनोअॅसे. दोघांनी पेटंट घेतलं नाही. १९७७ साली यॅलोबाईंना नोबेल मिळालं, बर्सन १९७२ मध्येच गेले होते.

आपल्या भागाचा यात दूरचा का होईना, संबंध आहे. इथून जवळ तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते हे पोरांनाही माहीत आहे. पण त्याच अणुऊर्जा खात्याचं परळला एक वैद्यकीय केंद्र आहे, रेडिएशन मेडिसिन सेंटर, १९६३ पासूनचं. आणि टी-थ्री, टी-फोर, टीएसएच मोजण्याचे आयोडीन-१२५ वापरणारे देशी संच या खात्यानेच तयार करून देशभर पुरवले. अणू म्हटलं की आपल्याला चिमणी आणि कंपाउंडची भिंत आठवते. पण गळ्यातल्या ग्रंथीचा हिशोबही त्याच खात्यातून येत होता. पुढे आयोडीनच्या जागी प्रकाश देणारी रसायनं आली, कारण आयोडीन-१२५ साधारण ६० दिवसांत निम्मं होतं, संच साठवून ठेवता येत नाहीत, शिवाय किरणोत्साराचे नियम. आज तुमच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात सीएलआयए, सीएमआयए, ईसीएलआयए असं काहीतरी असतं, ती ही प्रकाशवाली मंडळी. तत्त्व मात्र तेच: अँटिबॉडीने पकडा.

आता पकडण्यात गोम आहे. सातपाटीच्या कोळ्याला विचारा, समुद्रात मासळी किती? तो आधी जाळं कोणतं ते सांगेल. भोकं मोठी असतील तर बारीक मासळी निसटणार, भोकं लहान असतील तर नको तेही येणार. दोन होड्या एकाच जागी गेल्या तरी पाट्या सारख्या भरत नाहीत, आणि म्हणून कोणी कोणाला खोटं ठरवत नाही. अँटिबॉडी हे जाळं आहे. प्रत्येक कंपनीचं वेगळं. टीएसएच हा काही एकसारखा मणी नाही. त्याच्यावर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, त्या कमी-जास्त असतात, वेगवेगळ्या माणसांत आणि आजारांत बदलतात. एका कंपनीची अँटिबॉडी रेणूच्या या कोपऱ्याला धरते, दुसरीची त्या कोपऱ्याला. पुन्हा टीएसएचचा अर्धा भाग, ज्याला अल्फा म्हणतात, तो एलएच, एफएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी यांच्यातही तसाच असतो. चुलतभावंडं म्हणा. चेहरे सारखे.

प्रोलॅक्टिनचं तर आणखी मजेशीर आहे. काही लोकांच्या रक्तात प्रोलॅक्टिन स्वतःच्याच अँटिबॉडीला चिकटून मोठं गाठोडं होऊन फिरतं. शरीरावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. पण काही यंत्रं ते गाठोडं मोजतात, काही फारसं मोजत नाहीत. एका लॅबमध्ये बाईंचं प्रोलॅक्टिन भरमसाट, दुसरीत जवळजवळ नॉर्मल. पहिल्या रिपोर्टवरून मेंदूचा एमआरआय होऊ शकतो, औषध सुरू होऊ शकतं. हे गाठोडं ओळखायची चाचणी साधी आहे, एक रसायन घालून ते खाली बसवतात आणि उरलेलं मोजतात. पण ती कोणीतरी मागावी लागते.

पुढचा पेच एककांचा. आपल्याकडे जुन्या काळी मण होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त, मद्रासचा २५ पौंडांचा. नाव एक, वजनं तीन. १९५६ च्या कायद्यानंतर किलो आला आणि तो घोळ मिटला, कारण किलोमागे एक ठरलेली वस्तू होती, साऱ्या जगाची एकच. टीएसएच मोजतात मिली-इंटरनॅशनल युनिटमध्ये. हे युनिट म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली काचेची कुपी आहे, इंग्लंडमध्ये ठेवलेली. तिच्यात माणसाच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं टीएसएच आहे. या कुपीत अमुक इतकी युनिटं आहेत असं जाहीर केलं, की ते युनिट. तुम्ही म्हणाल, मग झालं की, किलोसारखंच! नाही ना झालं. किलोचं वजन कोणत्याही तराजूत तेवढंच भरतं. इथे तराजूच जाळ्याचा आहे. कुपीतल्या टीएसएचच्या साखळ्या आणि तुमच्या रक्तातल्या टीएसएचच्या साखळ्या सारख्या नाहीत. कुपीवर दोन्ही यंत्रं एकमताने जुळवली, तरी तुमच्या रक्तावर त्यांची भांडणं होतात.

टेस्टोस्टेरॉनचं तसं नाही. तो लहान रेणू आहे, सगळीकडे एकच. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाच्या पद्धतीने त्याला थेट त्याच्या वस्तुमानावरून ओळखता येतं, म्हणजे तिथे खरा आकडा या शब्दाला निदान अर्थ आहे. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ११६ पुरुष, स्त्रिया आणि मुलं यांचे नमुने घेऊन १० अँटिबॉडी-पद्धती मास स्पेक्ट्रोमेट्रीशी ताडून पाहिल्या. पुरुषांत ठीक चाललं. स्त्रियांत आणि मुलांत, म्हणजे जिथे हार्मोन थोडं असतं तिथे, फार वाईट. त्याच अंकातल्या संपादकीयाने खोचकपणे विचारलं, याहून अंदाज बांधलेला बरा की काय? आता आपल्याकडे पीसीओएसच्या नावाने किती मुलींचं टेस्टोस्टेरॉन तपासलं जातं बघा. दशांशानंतर दोन आकडे असले की आपल्याला ते अचूक वाटतं. दशांश छापायला काही लागत नाही, शाई लागते फक्त.

इथे माझ्या विषयाचा माणूस येतो. पर्सी ब्रिजमन, अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ, त्यालाही नोबेल मिळालं होतं. १९२७ साली त्याने मांडलं की कोणत्याही संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची कृती. कृती वेगळी तर संकल्पना वेगळी. त्याचं अगदी शब्दशः ऐकलं तर आपल्या बाईंना एक टीएसएच नाहीच, दोन आहेत: या यंत्राचं आणि त्या यंत्राचं. हा विचार मला अर्धा पटतो. अर्धा अशासाठी, की तो माणसाला नम्र करतो: रिपोर्टवर पद्धत वाचल्याशिवाय आकडा वाचू नये. पण पूर्ण मानला तर गळ्यातल्या ग्रंथीची विचारपूस करायला कोणी उरत नाही. पिट्युटरी काही यंत्राकडे बघून टीएसएच सोडत नाही. ती टी-फोर कमी झाल्यावर सोडते. वस्तू आहे. आपल्याला मात्र ती कुठल्या ना कुठल्या जाळ्यातूनच भेटते.

मग जाळ्यावर विश्वास कसा ठेवायचा? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण. त्याला बाध येईपर्यंत खरं माना. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, मृगजळ असू शकतं. चालत जा, प्या, तहान भागली तर ते पाणी. लॅबच्या रिपोर्टपुढे आपण सगळे मीमांसक असतो. छापून आलंय ना! माझं म्हणणं, इथे नैयायिक व्हावं.

कारण न होण्याची किंमत काय असते ते सांगतो. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या १२ स्त्रियांची हकिकत आली. त्यांच्या रक्तात एचसीजी पुन्हा पुन्हा सापडत होतं. गर्भ नाही आणि एचसीजी आहे, म्हणजे कर्करोग, असं ठरलं. बहुतेकींवर केमोथेरपी किंवा शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्यक्षात एचसीजी नव्हतंच. त्यांच्या रक्तातल्या काही भटक्या अँटिबॉडी चाचणीतल्या दोन अँटिबॉडींना परस्पर जोडत होत्या, आणि यंत्र त्यालाच हार्मोन समजत होतं. जाळ्यात मासा नाही, जाळंच जाळ्यात अडकलं. पारख कशाने झाली? दुसऱ्या पद्धतीने तपासलं, आकडा नाहीसा झाला. लघवी तपासली, तिथे काही नाही, कारण खरं एचसीजी लघवीत उतरतं, या भटक्या अँटिबॉडी उतरत नाहीत. अशा वेळी नमुना पातळ करूनही बघतात. निम्मा केला तर आकडा निम्मा व्हायला हवा, नाही झाला तर संशय घ्यावा. यातलं एकही काम महाग नाही. त्याआधी तीच चाचणी अनेक वेळा झाली होती आणि दर वेळी तेच उत्तर आलं होतं. त्याच जाळ्याने दहा वेळा विचारून काही सिद्ध होत नाही.

इथे एक गैरसमज काढायला हवा. दोन लॅबांचे आकडे वेगळे आले म्हणजे एक लॅब वाईट, असं नसतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरच्या लॅबना तपासणीसाठी नमुने पाठवतं, लॅब आपलं उत्तर कळवते, मग गुण मिळतात. ही चांगली व्यवस्था आहे. एनएबीएलची मान्यता हवी असेल तर अशा कसोटीत उतरावं लागतं. पण तुलना साधारणपणे त्याच पद्धतीच्या इतर लॅबांशी होते. भावकीत नंबर लागतो म्हणा. तेव्हा दोन्ही लॅब आपापल्या भावकीत पहिल्या येऊ शकतात आणि तरी आपल्या बाईंना ३.६ आणि ५.० असे आकडे देऊ शकतात. दोष कोणा टेक्निशियनचा नाही. भावक्या आपसांत बोलत नाहीत हा दोष आहे. त्या बोलत्या कराव्यात म्हणून क्लिनिकल केमिस्ट्रीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची एक समिती बरीच वर्षं खटपट करते आहे: सगळ्या पद्धतींचं मिळून एक मध्य काढायचं आणि प्रत्येकाने आपला आकडा त्याला जुळवायचा. टेस्टोस्टेरॉनसाठी अमेरिकेत २०१० पासून सरकारी कार्यक्रम आहे. आपल्या स्टेशनवरच्या सेंटरपर्यंत ते कधी पोचेल ते पोचो.

तोवर माझी लॅबवाल्यांकडे एकच मागणी आहे. पद्धतीचं नाव आकड्याच्या शेजारी, त्याच अक्षरात छापा. आणि यंत्र बदललंत तर सांगा. बोईसरचं रक्त गाडीतून मुंबई-ठाण्याकडच्या मोठ्या लॅबमध्ये जातं. तिकडे यंत्र बदललं तर इकडे सुई टोचणाऱ्या मुलालाही पत्ता नसतो. पेशंटची तीच लॅब, तोच कागद, तोच रंग, आणि जाळं नवीन.

(यानंतर प्रश्नोत्तरं.)

प्रश्न: सर, दोन आकड्यांची सरासरी काढली तर?

मुंबईचा मण आणि बंगालचा मण यांची सरासरी काढून तांदूळ घ्याल का? (हशा) नको. दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा, तारखेसकट, लपवू नका. बरेच जण नको असलेला रिपोर्ट घरी ठेवून जातात. आणि पुढची तपासणी यांपैकी एकाच ठिकाणी करा.

प्रश्न: माझी गोळी चालू आहे. दर सहा महिन्यांनी टीएसएच बदलतं. हे लॅबमुळे की माझ्यामुळे?

दोन्हीमुळे असू शकतं. टीएसएच रात्री वाढतं, दुपारी उतरतं. एकाच माणसाचं, एकाच पद्धतीने, वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी साधारण २० टक्के हलतं. म्हणून २.४ चं २.९ झालं यात बातमी काही नाही. तीच लॅब, तीच सकाळची वेळ, आणि गोळी रक्त देण्याआधी घेतली की नंतर, तेही दर वेळी सारखंच ठेवा. एवढं केल्यावरही आकडा दुप्पट झाला, तर तो तुमच्याकडून आलेला निरोप आहे असं समजायला हरकत नाही.

प्रश्न: मुलगा दुबईला असतो. त्याचं ड जीवनसत्त्व तिथे ५५ आलं, इथे २२. एवढा फरक?

तिथे बहुधा नॅनोमोल प्रति लिटर असेल, इथे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. इथल्या आकड्याला अडीचने गुणा. बावीस अडीच पंचावन्न. फरक शून्य. पद्धतीकडे वळण्याआधी एकक बघा. प्रोलॅक्टिनमध्ये तर हा गुणक एकवीसच्या आसपास आहे, माणूस बघूनच घाबरतो.

प्रश्न: मी केस गळतात म्हणून गोळ्या घेते. त्या सांगायला हव्यात का?

फार चांगलं विचारलंत. हो, आवर्जून सांगा. त्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि काही यंत्रांत अँटिबॉडी धरून ठेवायला बायोटिनचाच दुवा वापरतात. तुमच्या रक्तातलं बायोटिन त्या जागा अडवतं. मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. कागदावर चित्र असं उमटतं की थायरॉइड भलतंच जोरात चाललंय, आणि तुम्हाला तर काहीच होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिन बायोटिनमुळे खोटं कमी आलं, आणि त्यात एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यांच्याकडे होती. शरीराला रोज साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गोळीत १० मिलिग्रॅमही असतं, म्हणजे तीनशे पटीहून जास्त. तपासणीआधी ती किती दिवस थांबवायची ते डॉक्टरांना विचारा, निदान दोन दिवस तरी थांबवायला सांगतात. आणि आज घरी गेल्यावर पाकीट काढून बघा, मायक्रोग्रॅम लिहिलंय की मिलिग्रॅम. चष्मा लावून बघा, फार बारीक छापलेलं असतं.